जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर ५५ इंची टीव्ही: लागतो, पण गिट्टीवर नाही

तुम्ही लिहिलंत: रत्नागिरीचा फ्लॅट, हॉल आणि बेडरूमच्या मध्ये आधीच्या मालकाने घातलेलं जिप्समचं पार्टिशन, ५५ इंची टीव्ही, आणि बसवायला आलेला मुलगा म्हणतो "चार गिट्ट्या मारतो", म्हणजे भोकात ठोकून त्यात स्क्रू पिळायचे ते छोटे प्लग. तुम्ही त्याला परत पाठवलंत ते उत्तम केलंत.

देवगडला आमच्या मेहुण्याकडे असाच ४३ इंची लागला होता, जेमतेम ८-९ किलोचा. लावणारा म्हणाला, "काय होवचा नाय." दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत खरंच काही झालं नाही. मग पावसात घर दोन महिने बंद राहिलं. गणपतीला दार उघडलं तर शोकेसवर पांढरी भुकटी पडलेली, आणि ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटलेली. टीव्ही उतरवून घेतला तेव्हा वरच्या दोन्ही गिट्ट्या नुसत्या हाताने निघून आल्या, भोवती खडूसारखा मऊ पडलेला जिप्सम घेऊन. स्क्रू तर तपकिरी झालेले.

कारण साधं आहे. बोर्ड १२.५ मिमीचा, मध्ये जिप्सम आणि दोन्ही बाजूंना कागद. गिट्टी फुगते आणि भोवतीच्या मालाला दाबून धरते; विटेत, काँक्रीटमध्ये ते जमतं. इथे दाबायला मालच नाही, मागे पोकळी. त्यात रत्नागिरीचा पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या वर. साधा बोर्ड ती दमट हवा ओढतो आणि नरम पडतो.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून निघाला असाल तर आणखी एक घोळ आहे. त्यांच्याकडे बोर्डामागे लाकडी खांब असतात, साधारण १६ इंचांवर, त्यामुळे "स्टड शोधा आणि जाड स्क्रू पिळा" एवढ्यावर त्यांचं भागतं. आपल्याकडे आत जीआय चॅनल, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे खांब असतात, बहुतेक २४ इंचांवर, आणि पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. स्क्रूचा एखादाच आटा त्यात धरतो. वजन खाली लोंबलं तर तो सोसतो, पण बाहेर ओढलं की सुटतो. म्हणजे चॅनल सापडला तरी दोन-चार स्क्रूंवर काम सोडायचं नाही.

मी काय करतो ते सांगतो. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक घ्या, रुमालात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडे नाहीत, आणि भिंतीवरून आडवा हळूहळू फिरवा. पुट्टीखाली बोर्डाच्या स्क्रूंची डोकी असतात, तिथे तो 'टक्' करून चिकटतो. एक सापडला की वर-खाली जा, तशीच ओळ लागते. तो तुमचा चॅनल. पेन्सिलीने खूण करा आणि शेजारचे दोन शोधा. बोटाने ठोकून आवाज ऐकायची पद्धत आहे, पण मला तरी ती कधी नीट जमली नाही.

मग १८ मिमीचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड) घ्या, साधारण ५ फूट लांब आणि अडीच फूट उंच, म्हणजे तो तीन चॅनलांवर बसेल. वर लॅमिनेट लावून घ्या, मागची बाजू आणि चारही कडा सीलरने बंद करा. हा प्लाय भिंतीवर आडवा धरून तिन्ही खुणांवर दर ६ इंचांवर स्क्रू मारायचे, ५० मिमीचे, स्टेनलेसचे. प्लायमधलं भोक ४.५ मिमीचं ठेवा आणि चॅनलमध्ये ३ मिमीचं. प्लायमध्ये स्क्रू सैल फिरला तरच तो पत्र्याला घट्ट ओढतो. दोन्हीकडे आटे अडकले तर मध्ये फट राहते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. पत्र्यात स्क्रू बसला की थांबा, जास्त पिळलात तर आटा कातरतो. काळे ड्रायवॉल स्क्रू वापरू नका, ते ठिसूळ असतात आणि समुद्राच्या हवेत लवकर गंजतात. हार्डवेअरवाला "एसएस" म्हणून काहीही देतो, तेव्हा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस मागा. खिडकीतून समुद्र दिसत असेल तर ३१६.

वजन आता चार भोकांवर न राहता पंधरा-सोळा स्क्रूंवर वाटलं जातं, आणि ब्रॅकेट प्लायमध्ये कुठेही बसवता येतं, चॅनल मधोमध आलाय की नाही याची फिकीर नाही.

प्लायची चौकट दिसायला नको असेल तर तेवढा बोर्ड कापून काढा, त्या जागी १२ मिमीचा प्लाय थेट चॅनलांवर बसवा, सांध्यावर टेप आणि पुट्टी. सुतार आणि रंगारी दोघांना बोलवावं लागतं, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्याकडे दोघेही मिळत नाहीत. मी पहिलीच पद्धत घेईन.

बाहेर ओढून फिरवायचं हाताचं ब्रॅकेट मात्र नको. तुमचा टीव्ही १५ किलोच्या आसपास असेल. ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या भोकांत २० सेंमी अंतर धरा. भिंतीलगतच्या ब्रॅकेटवर टीव्ही ५ सेंमी पुढे राहतो, वरच्या भोकांवर ओढ चारेक किलोची. तोच हात ४५ सेंमी बाहेर काढलात की ओढ ३०-३५ किलोंवर जाते, आणि रोज दोनदा हलवायचं ते वेगळंच.

भोक मारण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असतेच असं धरून चाला. पार्टिशनच्या पलीकडे बाथरूम असेल किंवा खालच्या हातभर भागात तपकिरी डाग असतील, तर आधी अंगठ्याने दाबून बघा. दबलं तर तो बोर्ड बदलल्याशिवाय टीव्हीचं नाव काढू नका.

समोरची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर तिथेच लावा, पार्टिशनच्या भानगडीत पडू नका. फक्त चिऱ्यात ८ मिमीचं भोक बघता बघता १० चं होतं, लाल भुगा येत राहतो, आणि फुगणारा लोखंडी फास्टनर चिरा फोडतो. लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट) घ्या, आणि भोक दरजेत न मारता चिऱ्याच्या मधोमध मारा.

चुंबकाने खुणा केल्यात की एक फोटो टाका, प्लाय किती लांब कापायचा ते त्यावरून सांगतो.