पुलपिटवरून दुसऱ्या मंडळीची शिकवण खोडावी का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी मूळची सीएनआयवाली (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमच्यात बाळालाच बाप्तिस्मा देतात), लग्नानंतर नवऱ्यासोबत जरीपटक्याकडच्या एका फेलोशिपमधे जाते. मागच्या महिन्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे उपासनेला आली अन् नेमकं त्याच दिवशी पास्टर पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावरून, म्हणाले की बाळाला पाणी शिंपडतात तो बाप्तिस्माच नाही, असे लोक नुसते नावाचे ख्रिस्ती. सगळे जोरात आमेन! प्रभुभोजनाची ताटली आली तेव्हा आईनं काही न घेता ती पुढं सरकवली. नवरा म्हणतो खरं ते सांगायलाच पायजे, बायबलमधे प्रेषित पौलानं पण प्रेषित पेत्राला सगळ्यांसमोर झापलं होतं. बरोबर कोण?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, नवऱ्याचा दाखला खरा आहे, गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. पण तो नीट वाचायला सांगा ना त्यांना. पेत्र तिथं हजर होता, पौल त्याच्या तोंडावर बोलला, अन् विषय काय होता तर पेत्र आधी परराष्ट्रीयांसोबत, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांसोबत, जेवत होता आणि यरुशलेमकडची माणसं आल्यावर त्यांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला. म्हणजे भांडण झालं ते विश्वासणाऱ्यांना कमी लेखलं म्हणून! तुमच्या आईसोबत त्या रविवारी काय झालं ते आता तुम्हीच बघा.

आणि अपुल्लोस नावाच्या उपदेशकाचं पण वाचा, बायबलमधे प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18. त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता, शिकवणीत कमी होतीच, तर प्रिस्किल्ला आणि अक्विलानं त्याला आपल्याकडे बोलावून घेऊन नीट समजावलं. सभास्थानात उभं राहून नाही.

तरी पाळकानं टीका करूच नये असं मी म्हणणार नाही. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात हुमनाय आणि फिलेत यांची तर नावं घेतलीत, कारण पुनरुत्थान होऊन गेलं असं सांगून ते लोकांचा विश्वास मोडत होते. आज कोणी प्रार्थना झाली आता शुगरची गोळी बंद कर म्हणत असेल, किंवा दशमांश (कमाईचा दहावा भाग) दे मग बघ पोराला नोकरी लागते की नाही म्हणत असेल, तर पुलपिटवरून स्पष्ट बोलायलाच पायजे, तिथं गोड बोलत बसणारा पाळक आपल्याच मंडळीचं नुकसान करतो. पण शिंपडायचं की बुडवायचं, बाळाला की मोठं झाल्यावर, हे त्या दर्जाचं नाही. आपल्या नागपुरातच, सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, 29 नोव्हेंबर 1970 ला सीएनआय झालं, सहा चर्चेस एकत्र आली, त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन पण होते अन् मोठं झाल्यावर बुडवून देणारे बाप्टिस्ट पण. बोलणी 1929 पासून चालू होती, चाळीस वर्षं बाप्पा! शेवटी दोन्ही पद्धती ठेवल्या. तुमच्या पास्टरना ते पटत नसेल तर आम्ही बुडवून का देतो हे त्यांनी तासभर शिकवावं, शास्त्रातून दाखवावं, हक्कच आहे त्यांचा. पण समोरच्यांचं म्हणणं पण सांगावं ना, की कृत्यांमधे फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यात लहान लेकरं पण असणार, म्हणून हे लोक तो दाखला देतात, आणि असं सांगावं की सीएनआयचा माणूस ऐकून म्हणेल हो, आम्ही हेच मानतो. "नावाचे ख्रिस्ती" ही शिकवणीवरची टीका नाहीच, ती माणसांवर आहे. अन् पुलपिटवर मधेच हात वर करून कोणाला उत्तर देता येत नाही, म्हणून तिथं जास्त जपून बोलायला पायजे. वरून आजकाल लाईव्ह असतं, दोन मिनिटांची क्लिप संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲपवर.

आता करायचं काय. उपासना सुटल्यावर दारात पकडू नका, चार लोकांसमोर ते माघार घेणार नाहीत. मधल्या वारी फोन करून वेळ घ्या, नवऱ्याला सोबत न्या, आणि आईनं ताटली का सरकवली एवढंच सांगा, बाप्तिस्म्याचा वाद तुम्ही काढूच नका. चांगला पाळक असेल तर आईला स्वतः फोन करेल. नाही केला तर आईला परत तिथं यायचा आग्रह नका करू, ख्रिसमसला तुम्हीच नवऱ्याला घेऊन तिच्या चर्चला जा.