वाचकांचे प्रश्न : बापाच्या माराने हिटलर घडला का?

प्रश्न : निवृत्तीनंतर युरोपचा इतिहास वाचायला घेतलाय. हिटलरला वडील बडवायचे, स्टालिनचा बाप दारू पिऊन मारायचा, मुसोलिनीने शाळेत असतानाच एका मुलाला चाकू मारला. हुकूमशहा घरातच तयार होतात का? माझा मुलगा त्याच्या नऊ वर्षांच्या पोरावर हात उचलतो, म्हणून विचारते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, बत्तीस वर्षं मी नववी-दहावीला इतिहास शिकवला. हिटलरच्या बापाची गोष्ट काढली की शेवटचा बाकही जागा व्हायचा, म्हणून दरवर्षी रंगवून सांगायचो. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, त्याच्या भावंडांचं काय झालं?" मला सांगता येईना. घरी जाऊन पुस्तकं काढली.

बाप आलोइस, ऑस्ट्रियाच्या जकात खात्यातला अधिकारी. मारकुटा होता हे खरं. धाकटी बहीण पाउला हिने १९४६ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांना सांगितलं, की अ‍ॅडॉल्फ रोज मार खायचा. पण पाउलाही त्याच घरात वाढली आणि पुढे सेक्रेटरीची कामं करून जगली. सावत्र भाऊ धाकटा आलोइस कंटाळून घरातून निघून गेला. तो काही साधू नव्हता, चोरीपायी तुरुंगात गेला. पण शेवटी बर्लिनमध्ये त्याने काय काढलं, तर रेस्टॉरंट.

आणि बाप वारला १९०३ मध्ये, अ‍ॅडॉल्फ तेरा वर्षांचा असताना. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं पडली २.६ टक्के. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के. मधल्या चार वर्षांत हिटलरचं बालपण काही बदललं नव्हतं! बदललं होतं ते जर्मनीत: १९२९ ची मंदी, साठ लाखांच्या घरात गेलेले बेकार, आणि 'याला आपण मुठीत ठेवू' म्हणणारे शहाणे पुढारी. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं, ते याच शहाण्यांच्या सल्ल्याने.

स्टालिनचा बाप बेसो गोरी गावात जोडे शिवायचा. दारू आणि मारहाण, दोन्ही खरं. पण स्टालिनची सत्तेची शिडी म्हणजे १९२२ मध्ये मिळालेलं कम्युनिस्ट पक्षाचं सरचिटणीसपद. कोणाला कुठे नेमायचं, हे त्या टेबलावरून ठरायचं. मुसोलिनीच्या चाकूचा किस्साही खरा आहे, वय दहा, फाएन्झाची शाळा. शाळेत दांडगाई करणारी पोरं मीही पाहिली. त्यांतला एक आज आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवतो, दळण मात्र वेळेवर देतो.

तेव्हा तुमच्या पुस्तकातलं बालपणाचं प्रकरण वाचून झालं असेल तर आता १९२८ ते १९३३ ची पानं सावकाश वाचा.

नातवाचं म्हणाल तर मुलाला हिटलरचं नाव घेऊन घाबरवू नका, तो हसण्यावारी नेईल. पोराला लागतं, एवढंच सांगा. आणि हात उठला की मध्ये जाऊन उभ्या राहा.