एकविसाव्या दिवशी १.८ आणि सहाव्या आठवड्यात १४ : प्रोजेस्टेरॉनचे हे आकडे कसे वाचावेत

आपण दोन रिपोर्टांविषयी विचारले आहे. गर्भधारणेपूर्वी पाळीच्या एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (गर्भाला आधार देणारे संप्रेरक) १.८ आले होते आणि आता सहाव्या आठवड्यात ते १४ आहे; दोन्ही कमी आहेत का, आणि पहिल्या आकड्याचा अर्थ बीज तयारच होत नव्हते असा घ्यावा का, हा आपला प्रश्न. मी डॉक्टर नाही, परंतु वंध्यत्वाच्या उपचारांच्या निमित्ताने या तपासणीशी माझा बराच संबंध आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्या रिपोर्टपासून सुरुवात करू, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. पाळीच्या पहिल्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन सहसा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आतच असते. बीजांड बाहेर पडल्यावर अंडाशयात उरलेल्या कोशाचे पीतपिंडात रूपांतर होते, हे पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते आणि साधारण सात दिवसांनी त्याची पातळी सर्वाधिक होते. त्या वेळी ती ३ च्या वर असल्यास बीजांड बाहेर पडले असे मानतात. अनेक डॉक्टरांना १० च्या आसपास किंवा त्याहून अधिक आकडा दिसला तर जास्त समाधान वाटते. ‘एकविसावा दिवस’ हा नियम अठ्ठावीस दिवसांच्या चक्रावरून आला आहे. आपली पाळी पस्तीस दिवसांनी येते असे आपणच लिहिले आहे, म्हणजे बीजांड बहुधा एकविसाव्या दिवसाच्या आसपासच बाहेर पडत असणार आणि तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी व्हायला हवी होती. त्यामुळे १.८ या आकड्यावरून बीज तयार होत नव्हते असे म्हणता येत नाही. ही तपासणी अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी करायची, एवढे लक्षात ठेवले तर कितीतरी अनावश्यक चिंता टळेल.

तपासणी योग्य दिवशी झाली तरी एका आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन सलग न झिरपता झटक्याझटक्याने स्रवते, त्यामुळे एकाच स्त्रीची पातळी काही तासांत अनेक पटींनी वरखाली होऊ शकते. सकाळी ६ आणि दुपारी १५ आले म्हणून दुपारी काही सुधारले असे होत नाही. रिपोर्टवरचे एककही पाहावे: काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात आणि १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर. एकाचे एकक विसरून दुसऱ्याशी तुलना केल्याने घाबरलेल्या, आणि उगाच निश्चिंत झालेल्याही, बऱ्याच जणी मी पाहिल्या आहेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही प्रयोगशाळेला सांगा. काही पद्धतींमध्ये त्यामुळे आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

आता गरोदरपण. पहिल्या तिमाहीत साधारण १० ते ४४ ही पातळी अपेक्षित धरतात. पुढे वार (प्लॅसेंटा) मोठी होत जाते तशी ती वाढते आणि शेवटच्या तिमाहीत शंभराच्या पुढेही सहज जाते. आपले १४ या मर्यादेतच आहे. सुरुवातीचे काही आठवडे पीतपिंडच गर्भाला आधार देते आणि सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम वार हाती घेते. या अदलाबदलीच्या काळात पातळी स्थिर राहू शकते, क्वचित किंचित उतरतेही. बीटा एचसीजी या गरोदरपणाच्या संप्रेरकाप्रमाणे दर दोन-तीन दिवसांनी ती वाढलीच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नये. ५ च्या खालची पातळी बहुतेक वेळा न टिकणाऱ्या गर्भात दिसते, २० ते २५ च्या वरची पातळी दिलासा देणारी असते, आणि मधल्या पट्ट्यात हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. तिथे सोनोग्राफीत दिसणारे हृदयाचे ठोके कितीतरी अधिक विश्वासार्ह असतात.

प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मागून घ्याव्यात का, हेही आपण विचारले आहे. कमी पातळी हे अनेकदा गर्भ नीट वाढत नसल्याचे कारण नसून परिणाम असतो, त्यामुळे केवळ आकडा वाढवल्याने गर्भ वाचेलच असे नाही. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिझम चाचणीत, सुरुवातीच्या रक्तस्रावासाठी दिलेल्या प्रोजेस्टेरॉनचा सरसकट सगळ्यांना ठळक फायदा दिसला नाही. मात्र रक्तस्राव होत असलेल्या आणि आधी गर्भपात झालेल्या स्त्रियांमध्ये तो दिसला. आपल्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नाहीत, तेव्हा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा असे मला वाटते. ज्यांना हे औषध आधीच सुरू आहे त्यांनी मात्र ते परस्पर बंद करू नये. योनीमार्गे घेतलेल्या औषधाचा परिणाम रक्तातल्या आकड्यात पुरता उमटत नाही आणि डायड्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध तर या तपासणीत सहसा मोजलेच जात नाही, त्यामुळे औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष रिपोर्टवरून काढता येत नाही.

गर्भ गर्भाशयात आहे की बीजवाहक नलिकेत, हेही या तपासणीवरून कळत नाही. सोनोग्राफी अद्याप झालेली नसेल आणि पोटात एका बाजूला दुखू लागले, चक्कर आली, खांद्यात कळ आली किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे.