जीएनएम आहेस ना? मग एलपीएन-टू-आरएन ऑनलाइन ब्रिजचे पैसे भरायच्या आधी हे वाच

तुझा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे बघ, २०१७ ला नाशिकहून जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा), मग पुण्यात पाच वर्षं आयसीयू, नवरा अमेरिकेत डॅलसजवळ एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, तू दिवाळीनंतर एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर येणार, आणि पुण्यातला एक कन्सल्टन्सीवाला म्हणतोय की "तिकडे जीएनएमला आरएन धरतच नाहीत, आधी तिकडे जाऊन एलपीएन करा, मग घरबसल्या ऑनलाइन ब्रिज करून आरएन व्हा" (आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स, एलपीएन ही तिच्या खालची पायरी, आणि ब्रिज म्हणजे एकीवरून दुसरीवर नेणारा कोर्स), त्याचे साडेतीन लाख, दोन कॉलेजांची नावं दिलीत त्याने आणि त्यातलं कुठलं घेऊ असं तू विचारतेयस. शिवाय तुझी नणंद न्यूजर्सीत ऑलरेडी एलपीएन आहे, तिलाही ब्रिज करायचाय.

अगं, तू कुठलंच घेऊ नकोस. नणंदेने घ्यावं, पण नीट बघून. दोघींचं उत्तर वेगळं आहे म्हणून आधी तुझं सांगते.

जीएनएम म्हणजे इथे आपोआप एलपीएन असं काही नसतं. इथली स्टेट बोर्डं (नर्सिंगचा परवाना देणारी त्या त्या राज्याची बोर्डं) तुझ्या सर्टिफिकेटवरचं नाव बघत नाहीत, तासांचा हिशोब बघतात, मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसिक आरोग्य या सगळ्यांत थिअरीही झाली आणि क्लिनिकलही, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटजवळचं काम, झालं का. आपल्या जीएनएममध्ये हे सगळं असतं. त्यामुळे जीएनएमवर थेट एनक्लेक्स-आरएन, म्हणजे आरएनच्या परवान्याची परीक्षा, देऊन आरएन झालेल्या भारतीय मुली इथे भरपूर आहेत, हॉस्पिटलात माझ्याच मजल्यावर दोघी आहेत, एक केरळची आणि एक आपली कोल्हापूरची. एएनएमचं (साहाय्यक नर्सचा कोर्स) तसं नाही हं, तिला आरएन धरत नाहीत, आणि कदाचित त्या कन्सल्टन्सीवाल्याने दोन्ही एकाच टोपलीत टाकलंय. किंवा त्याला माहितीये आणि तरी सांगतोय, काय बोलणार.

मी हीच चूक केलीय म्हणून एवढं ठासून सांगतेय. २००६ ला मी मिरजेहून जीएनएम आणि चार वर्षं वॉर्डाचा अनुभव घेऊन टेक्सासला आले, पहिल्याच गणपतीत एका ओळखीच्या बाईंनी आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता सांगितलं की "आपलं नर्सिंग इथे चालत नाही गं", आणि मी ते खरं धरून बसले. बोर्डाची वेबसाइट उघडून बघावी एवढंही सुचलं नाही. २०११ ला ग्रीनकार्ड आलं, मग एक वर्षाचा एलव्हीएन कोर्स केला (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलपीएनला एलव्हीएन म्हणतात, वस्तू तीच), आणि नर्सिंग होममध्ये लागले. पहाटे पाचला औषधांची गाडी ढकलत निघायचं, अठ्ठावीस म्हातारी माणसं, अर्ध्यांना गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून ॲपलसॉसमध्ये कालवून चमच्याने भरवायची, आणि नवीन पेशंट आला की त्याचं पहिलं पूर्ण असेसमेंट करायला आरएनची वाट बघत उभं राहायचं कारण एलव्हीएनला ते करता येत नाही. मिरजेत मी रात्रपाळीला एकटीने वॉर्ड सांभाळायचे आणि इथे ही तऱ्हा. काम वाईट नव्हतं पण ते करायची मला गरज नव्हती हे मला सहा वर्षांनी कळलं.

तर तू काय करायचंस. टेक्सास बोर्डासाठी तुझ्या शिक्षणाचा एक रिपोर्ट लागतो, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, तो सीजीएफएनएस करून देते (आता त्यांनी नाव बदलून ट्रुमेरिट केलंय, लोक अजून जुनंच म्हणतात). त्यासाठी तुझ्या नर्सिंग स्कूलकडून ट्रान्सक्रिप्ट (विषय, तास आणि मार्कांचा दाखला) आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून रजिस्ट्रेशनची पडताळणी त्यांना थेट जावी लागते, तुझ्या हातून गेलेली चालत नाही. हे काम इथे येऊन करायला गेलीस तर नाकी नऊ येतील, तिकडे असतानाच कर. आणि ट्रान्सक्रिप्ट पाकिटात जायच्या आधी क्लार्कच्या टेबलाशी उभं राहून प्रत्येक ओळ वाच. माझ्या एका मैत्रिणीच्या स्कूलने मानसिक आरोग्याच्या क्लिनिकल तासांचा रकाना कोराच सोडला होता, सही-शिक्का सगळं व्यवस्थित, फक्त आकडा नाही. तेवढ्यासाठी फाइल अडकली, बिचारीने भावाला चार वेळा सांगलीहून पाठवलं, क्लार्क कधी रजेवर तर कधी जेवायला. आठ महिने गेले.

इंग्लिशची परीक्षाही बहुतेक द्यावी लागेल, ती आत्ताच देऊन टाक. एनक्लेक्सचं सेंटर मुंबईतही आहे. परीक्षेची फी २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर दिली तर १५० डॉलर वरती. २०२३ च्या एप्रिलपासून पेपरचं रूप बदललंय, केस देऊन त्यावर प्रश्न असतात, कमीत कमी ८५ जास्तीत जास्त १५०, पाच तास. आयसीयू केलेल्या मुलीला तो उलट बरा जातो.

एक अडचण खरी आहे ती लपवत नाही. एच-फोरवर काम करता येत नाही, नवऱ्याचा आय-१४० (ग्रीनकार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झाला की मग ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, मिळतं, आणि ते मिळेपर्यंत सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि बऱ्याच राज्यांत परवाना हातात पडायला तो नंबर लागतो. म्हणजे कागद आणि परीक्षा आधी, परवाना नंतर, असं होऊ शकतं. पण विचार कर, हीच अडचण एलपीएनच्या परवान्यालाही आहे! आणि ब्रिजला प्रवेश घ्यायला चालू एलपीएन परवानाच लागतो. म्हणजे त्या माणसाचा रस्ता तुला तिथेच आणून सोडतो, फक्त दोन वर्षं उशिरा आणि खिसा रिकामा करून. तो "स्टुडंट व्हिसा काढून देऊ" असंही म्हणाला असेल तर ऑनलाइन कोर्सवर एफ-वन मिळत नाही, त्या व्हिसावर सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय मोजला जातो. एवढं एक वाक्य त्याला विचारून बघ काय म्हणतो.

आता नणंदेचं.

ब्रिज ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः त्यातूनच आरएन झाले, पण "डिस्टन्स" या शब्दाला भुलू नका. आपल्याकडे इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. असतो, तो करणारी बाई आधीच रजिस्टर्ड नर्स असते, तिला डिग्री जोडून घ्यायची असते. इथला आरएन-टू-बीएसएन (आरएनला नर्सिंगची बॅचलर डिग्री जोडून देणारा कोर्स) तसा आहे, परवाना हातात असतो त्यामुळे तो खरोखर घरबसल्या होतो, मीपण रात्रपाळ्या करत लॅपटॉपवर केला. एलपीएन-टू-आरएनमध्ये मात्र नवा परवाना मिळवायचाय, आणि परवाना देणारं बोर्ड विचारतं की पेशंटजवळ उभं राहून, कुणाच्या देखरेखीखाली, किती तास काढलेस. थिअरी ऑनलाइन होईल. पेशंट ऑनलाइन येत नाही. म्हणून पहिला प्रश्न फीचा नाही, माझे क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात आणि ते कोण ठरवून देणार, हा.

मी हा प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कॉलेजचा ब्रिज घेतला, ॲडव्हायझर फोनवर इतकी गोड बोलायची, थिअरीचे दोन टर्म झाले, ए ग्रेड आले, आणि मग ईमेल आला की तुमच्या भागात प्रीसेप्टर तुम्हीच शोधा. प्रीसेप्टर म्हणजे तुला आपल्या हाताखाली घेणारी आरएन. मी अकरा हॉस्पिटलं फिरले. गाडीत डबा खायचे, स्कर्ट-ब्लेझर घालून एज्युकेशन डिपार्टमेंटच्या दाराशी उभी राहायचे, सगळीकडे एकच उत्तर, आमचा करार इथल्या कॉलेजांशी आहे, बाहेरच्यांना जागा नाही. भरलेले सहा हजार डॉलर गेले, आणि ते क्रेडिट पुढे कुणी घेतलेही नाहीत. शेवटी घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजचा ब्रिज केला, थिअरी बरीचशी ऑनलाइन, आठवड्यातले दोन दिवस हॉस्पिटलात, हॉस्पिटलही त्यांनीच ठरवलेलं, आणि आपल्याच भागातल्या विद्यार्थ्यांना फी कमी. २०१७ ला आरएन. आधीच गेले असते तर, जाऊ दे.

म्हणून नणंदेला सांग, पहिल्यांदा घराजवळच्या काउंटी कॉलेजांची चौकशी कर, तिथे "हायब्रिड" किंवा "इव्हिनिंग-वीकेंड" नावाने ब्रिज असतो. जाहिरात करत नाहीत ते लोक, त्यांना गरजच नसते, उलट वेटिंग लिस्ट असते. बाहेरच्या राज्यातलं कॉलेज असेल तर तीन गोष्टी. न्यूजर्सीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कोर्सला घेता येतं का आणि न्यूजर्सी बोर्ड त्यावर परवाना देतं का, हे कॉलेजला नाही, बोर्डाला विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. दुसरं ॲक्रेडिटेशन, म्हणजे कोर्सची मान्यता, ती देणाऱ्या संस्था एसीईएन किंवा सीसीएनई, नुसतं "फुल्ली ॲक्रेडिटेड" लिहिलेलं काही कामाचं नाही, कुणाचं ते बघ. तिसरं एनक्लेक्सचा पहिल्या फेरीतला पास रेट, तो बोर्डं दरवर्षी कॉलेजवार जाहीर करतात, एकाच वर्षाचा बघू नकोस, चार-पाच वर्षांचा बघ, मध्येच खड्डा दिसला तर फोन करून विचार.

राज्यांचं हे प्रकरण किती चिवट आहे त्याचं उदाहरण देते. न्यूयॉर्कमधल्या अल्बनीचं एक्सेलसियर हे दूरशिक्षणाने नर्सिंग करण्यातलं सगळ्यात जुनं नाव, एलपीएन लोकांनी पिढ्यान् पिढ्या तिथून आरएन केलंय, ॲक्रेडिटेशन वगैरे सगळं आहे. तरी ६ डिसेंबर २००३ नंतर तिथे नाव घातलेल्यांना कॅलिफोर्निया सरळ घेत नाही, का तर थिअरीबरोबरीने देखरेखीखालचं क्लिनिकल हवं. कॉलेज खोटं नाही, कॅलिफोर्नियाही चुकीचं नाही, पण नवऱ्याची नोकरी उद्या बे एरियात गेली तर बाईचं काय? आणि उलटंही आहे, कॅलिफोर्नियात एलव्हीएनसाठी "३० युनिट" नावाचा शॉर्टकट आहे, त्याने तिथे आरएन होता येतं पण डिग्री मिळत नाही, आणि बरीच राज्यं तो परवाना मानत नाहीत. आपल्या लोकांची आयटीची नोकरी म्हणजे आज इथे उद्या तिथे, म्हणून हे आधी बघायचं.

आणि जे फार सोपं वाटतं ना, त्याच्यापासून चार हात लांब. २०२३ च्या जानेवारीत इथे ऑपरेशन नाइटिंगेल म्हणून मोठी कारवाई झाली, दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलांनी सुमारे ७,६०० खोट्या डिग्र्या आणि ट्रान्सक्रिप्ट विकल्या होत्या, एकेकाने दहा-पंधरा हजार डॉलर मोजले होते. घेणाऱ्यांत एलपीएन खूप होते, आरएन व्हायची घाई असलेले. त्यातले साधारण २,४०० जण एनक्लेक्स पासही झाले, नोकरीला लागले, आणि मग त्यातल्या बऱ्याच जणांचे परवाने बोर्डांनी काढून घेतले. "क्लिनिकलला यायची गरज नाही, तुमचा अनुभव आम्ही मोजून घेतो" असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा.

प्रीरिक्विझिटचं, म्हणजे ब्रिजआधी पूर्ण करायच्या विषयांचं, पटकन सांगते. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी, इंग्लिश, कुठे स्टॅटिस्टिक्स. हे विषय बऱ्याच ठिकाणी पाच-सात वर्षांनी जुने धरतात, त्यामुळे आज घेऊन ठेवू, ब्रिज पुढे बघू, असं करू नये. लॅब ऑनलाइन चालते का हेही विचारायचं.

क्लिनिकलआधी लसींचे कागद आणि टीबीची टेस्ट मागतात. आपण लहानपणी बीसीजी घेतलेली माणसं, हातावरची टेस्ट त्यामुळे फुगू शकते आणि मग एक्सरे, चिठ्ठ्या, सुरू. सरळ रक्ताची टेस्ट करा म्हणायचं.

आणि तुझ्यासाठी एक शेवटचं, कारण हे कुठलाच कन्सल्टन्सीवाला सांगत नाही. तुझं जीएनएमचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं असणार, मध्ये वडिलांचं नाव, आणि पासपोर्ट आता सासरच्या नावाचा, मध्ये नवऱ्याचं. आपल्याकडे कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण एनक्लेक्सच्या दारावर पासपोर्टवरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते. कौन्सिलकडचं नाव आत्ताच बदलून घे, मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेटच्या दोन-तीन कॉपी नोटरी करून बॅगेत टाक, आणि अर्ज भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर बघून भर.