हा बँड कोणाचा?

प्रिय दोस्ता,

७.२३० मेगाहर्ट्झवर अमेरिकेतली दोन स्टेशनं निवांत गप्पा मारत होती, तू मध्ये उत्तर दिलंस आणि चार जण तुझ्यावर तुटून पडले. सेट तिथे चालतो, समोरचा हॅम, म्हणजे आपल्यासारखाच हौशी रेडिओवाला, तिथे बोलतो, मग मीच का नाही, असं विचारतोस. सेटला काय कळतंय? बँड, म्हणजे वारंवारितांचा तो पट्टा, कोणाचा ते आधी बघ.

वारंवारितांच्या वाटपासाठी जगाचे तीन प्रदेश पाडले आहेत. ७.००० ते ७.२०० तिन्ही प्रदेशांत हॅमना आहे. ७.२०० ते ७.३०० मात्र फक्त दुसऱ्या प्रदेशात, म्हणजे अमेरिका खंडांत. आपण तिसऱ्यात, आपल्याकडे तो प्रसारण केंद्रांचा. त्या माणसाला हक्क आहे, तुला नाही, एवढं साधं आहे. बोलायचंच असेल तर स्प्लिट वापर, म्हणजे ऐकायचं एका वारंवारितेवर आणि बोलायचं दुसऱ्या: तो ७.२०० च्या खाली कुठे ऐकतोय ते सांगेल, तिथे बोल. आणि ७.१०० ते ७.२०० आपल्याला आयता मिळालेला नाही. तिथेही प्रसारणच होतं. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत निर्णय झाला, जागा मोकळी झाली मार्च २००९ मध्ये.

हक्कातही प्रत असते. १०.१०० ते १०.१५० मध्ये आपण दुय्यम. प्राथमिक सेवा दुसरी. दुय्यमाने प्राथमिकाला त्रास द्यायचा नाही, आणि प्राथमिकाचा त्रास झाला तर तक्रारही करायची नाही. हे दुसरं कलम लोक सोयीस्कर विसरतात! मी या बँडवर एका दुर्मीळ स्टेशनशी चाललेला संपर्क अर्ध्यात सोडला होता, कारण तिथे प्राथमिक सेवेचा सिग्नल उगवला. मित्र हसले. "तिथे कोण विचारतं?" ते स्टेशन मला पुन्हा कधी मिळालं नाही, आणि त्याची हळहळ अजून जात नाही. तरी मी बरोबर होतो. आडमुठा म्हणायचं तर म्हणा. बँड कोणाचा ते मला ठाऊक होतं, हसणाऱ्यांना नव्हतं.

बँड प्लॅनचं, म्हणजे बँडचा कुठला भाग कशासाठी वापरायचा त्या आखणीचं, थोडक्यात: बऱ्याच ठिकाणी तो कायदा नसतो, संकेत असतो. तरी पाळ.

एक मात्र नीट समजून घे. २० मीटरचा बँड १४.३५० मेगाहर्ट्झला संपतो. अप्पर साइडबँड या तिथल्या बोलण्याच्या पद्धतीत आवाज डायलवरच्या आकड्याच्या वर तीनेक किलोहर्ट्झ पसरतो. डायल १४.३४९ दाखवत असेल तर तू बऱ्यापैकी दुसऱ्याच्या हद्दीत बोलत असशील. १४.३४७ च्या पुढे जायचं नाही.

आता तुझं काम. २०१५ च्या परिषदेने ६० मीटरवर १५ किलोहर्ट्झचा चिंचोळा तुकडा दिला. तिथे आपण प्राथमिक की दुय्यम, ताकद किती चालते, आणि मुळात तुझ्या परवान्यात तो आहे का, हे शोधून कळव. परिषदेने दिलं म्हणजे सरकारने दिलं असं होत नाही. उत्तर मी सांगणार नाही.

तुझा,
काका