संशय विचारता का येत नाही?

प्रश्न असा आहे: ‘सरांना आपण “एक शंका विचारू का?” म्हणतो, “एक संशय विचारू का?” कधीच म्हणत नाही. आपल्याकडच्या इंग्रजीत दोन्हीकडे डाउटच चालतो. मग मराठीत संशय एवढा बदनाम का?’

निरीक्षण अचूक आहे. शंका विचारतात, काढतात. संशय येतो, बळावतो आणि मुख्य म्हणजे कुणावर तरी घेतला जातो. शंकेचा रोख बहुधा बोलण्यावर, संशयाचा माणसावर. ‘या हिशोबात एक शंका आहे’ म्हटलं तर फार तर बेरीज पुन्हा होईल; ‘मला तुझा संशय येतोय’ म्हटलं की भांडणच. (शंकाही अगदी सोवळी नाही म्हणा. वर्गात ‘काही शंका?’ म्हटल्यावर करंगळी वर करणारा एक तरी निघतोच.)

मुळात संशय बिचारा निरुपद्रवी. त्यातला ‘शी’ हा धातू शय्या, शयन यांतलाच, पडून राहण्याचा. मन कुठल्याच बाजूला न उठता पडून आहे, एवढंच. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, तर सोळा पदार्थांमध्ये (म्हणजे विचाराच्या विषयांमध्ये) प्रमाण (जाणण्याचं साधन), प्रमेय (जाणायची गोष्ट) यांच्यामागोमाग तिसरा मान संशयाचा. निर्णय पार नववा. तिथलं नेहमीचं उदाहरण: अंधुक उजेडात लांब काहीतरी उभं दिसतंय. खुंट की माणूस? ज्याला हा प्रश्नच पडला नाही, तो जवळ जाऊन बघेल कशाला?

पुढे गीतेतलं ‘संशयात्मा विनश्यति’ तेवढं तोंडी बसलं, आणि पोलिसी मराठीने ‘संशयित’ कायमचा पिंजऱ्यात उभा केला. २०२० मध्ये बातम्यांत ‘करोनाचे संशयित रुग्ण’ वाचताना तापाने फणफणलेला माणूस गुन्हा करून आल्यासारखा वाटायचा. ‘संभाव्य’ चाललं असतं की!

तेव्हा चांगल्या अर्थाच्या डाउटला ‘शंका’ पुरेशी आहे. मला स्वतःला मात्र या दोन्ही नामांपेक्षा मराठीची क्रियापदं जास्त आवडतात. नुसती यायची वेळ झाली असेल तर आई म्हणते, ‘आला असेल.’ दाराशी चपला दिसल्या तर, ‘आला असावा.’ पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात अंदाजाला पुरावा. ‘आलाय’ मात्र ती आत डोकावून पाहिल्यावरच म्हणते.