पोलाद लोखंडापेक्षा हलके असते का?

विचारणा अशी आहे: 'लोखंड' आणि 'पोलाद' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, आणि 'पोलाद हे लोखंडापेक्षा हलके पण मजबूत असते' हे वाक्य बरोबर आहे का?

वाक्यातले 'मजबूत' खरे आहे, 'हलके' नाही. शुद्ध लोखंडाचे वजन घन सेंटिमीटरमागे ७.८७ ग्रॅम भरते, बांधकामातल्या साध्या पोलादाचे ७.८५. हा फरक हाताला कळणारच नाही. पोलाद म्हणजे लोखंडच, त्यात थोडा कार्बन मिसळलेला. फार तर शंभरात दोन भाग, आणि साध्या पोलादात तर पाव भागाहूनही कमी. एवढ्याने वजन काय बदलणार? ताकद मात्र कितीतरी पटींनी बदलते.

पूर्वीचा मराठी शब्द याबाबतीत फार नेमका होता. पोलादाला 'तिखे' म्हणत. तो 'तीक्ष्ण'वरून आला, आणि रसशास्त्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-औषधांच्या शाखेच्या, ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतलाच हा मधला. 'लोखंड' हे लोहखंडापासून झाले, म्हणजे नुसता धातूचा तुकडा. 'तिखे' म्हणजे ज्याला धार टिकते ते. पुढे फारसीतून आलेल्या 'पोलाद'ने तिख्याची जागा घेतली. मला याची हळहळ वाटते, कारण तिख्यात गुण सांगितला होता.

तो गुण लोहाराच्या भात्यापाशी दिसतो. तापवून लाल केलेली कुऱ्हाड पाण्यात बुडवली की तिला 'पाणी दिले' म्हणतात. पुरेसा कार्बन असेल तरच हे पाणी चढते. मऊ लोखंड कितीदाही बुडवा, मऊच राहते. पाणी दिल्यावर पाते कितीतरी कठीण होते, पण तराजूत घातले तर वजन तेवढेच. ताकद आणि वजन यांची फारकत याहून स्पष्ट कुठे दिसणार?

बांधकामावरही तेच. सळईचे वजन काढायला व्यासाचा, मिलिमीटरमध्ये, वर्ग करून १६२ने भागतात. मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई म्हणजे मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम. जुनी गुळगुळीत 'एफई २५०' सळई असो की आजची 'एफई ५००', हिशेब तोच. पण पहिली चौरस मिलिमीटरमागे २५० न्यूटन ताणाच्या पुढे कायमची लांबू शकते, दुसरी किमान ५०० न्यूटनपर्यंत तग धरते. म्हणून कमी सळईत काम भागते आणि एकूण वजन घटते. 'हलके' हा समज बहुधा इथूनच आला असावा. आणि गंमत पाहा, या दोन्ही सळया पोलादाच्याच, तरी साइटवर सगळे म्हणतात 'लोखंड आले का?' नावातले 'एफई'देखील लोखंडाचेच चिन्ह. बोलण्यात लोखंड हे सगळ्या कुळाचे नाव आहे. ते चुकीचे ठरवायचे कारण नाही.

या कुळात खरोखर हलके आहे ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुमारे ७.२ ग्रॅमचे. त्यात कार्बन दोन ते चार टक्के, म्हणून ते ठिसूळ. दाब मात्र उत्तम पेलते. मुंबईत काळा घोड्याजवळचे जुने वॉटसन हॉटेल बीडाच्या सांगाड्यावर १८६०च्या दशकापासून उभे आहे. बिडाचा तवा आपटला की तडकतो, तो याच कार्बनामुळे.

घरातले 'स्टील' हा आणखी वेगळा अर्थ. मराठीत ते न गंजणाऱ्या भांड्यांपुरते रूढ झाले आहे. क्रोमियम आणि निकेल घातलेले हे पोलाद ८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लोखंडाहून किंचित जडच. भांडे हलके लागते ते पत्रा पातळ असतो म्हणून. तेव्हा लेखात 'पोलादाचा सांगाडा हलका होतो' असे खुशाल लिहा, 'पोलाद हलके असते' असे लिहू नका.